रावजी लाकूड वाजवतात

तवा खोलीत आम्ही तिघंच होतो. मी, कॉटवर आमचे मालक, आणि शेजारचे रावजी. मालकांचं एक अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली. रावजी बघायला म्हणून आले आणि मालकांकडं न बघता खाली वाकले. कॉटचा पाय टकटक वाजवला.

"अक्का, सागवान आहे. ह्याला अजून तीस वर्षं."

माणसाला किती, ते काय बोलले न्हाईत.

असा हा बाबा. तंजावरकडचे मराठी. हितल्या आवडी गावच्या फॅक्टरीतनं रिटायर झालेले, बायको गेलेली, लेक परदेशात. कुणाकडंही गेले की आधी लाकूड वाजवणार. एकदा पाहुणा बसलेला असताना त्याचीच खुर्ची वाजवली, म्हणाले, ही आता माझ्याकडं येणार. पाहुणा उठून उभाच राहिला. गल्लीतल्या बाया ह्यांना बघितलं की लाटणी लपवायच्या. मोडका पाट, खिडकीची फळी, चिरलेलं लाटणं, कायबी द्या, बैल न्हाईतर गाडी करणार. नातीसाठी. नात काय कधी आली न्हाई.

मालकांचं मी तीन वर्षं केलं. कॉटच्या पायाचं वरचं टोक उशाशी यायचं. मला बोलवायचं झालं की मालक चमच्यानं ते वाजवायचे. ते गेल्यावर रीतीनं कॉट बाहेर काढली. सकाळी बघते तर न्हाई. रावजींनी न विचारता नेलेली. मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

नवरात्रात दारात उभे. "अक्का, कोलू मांडलाय. या."

कोलू म्हणजे हितं पायऱ्या करून बाहुल्या मांडतात, बाया हळदीकुंकवाला येतात. मी म्हणाले, मी बिनकुंकवाची, कशी येऊ?

"माझ्याकडं कुंकू लावायला तरी कोण आहे? घरात बाई नाही म्हणून कोणी येत नाही. पावम, बिचाऱ्या बाहुल्या, नऊ दिवस माझंच तोंड बघतात."

गेले मंग. पायऱ्यांवर सगळ्या गल्लीची मोडतोड नटून बसलेली. माझं जुनं लाटणंबी गाडीची चाकं होऊन बसलेलं. सगळ्यात वर एक सागवानी हत्ती. त्याच्या पाठीवर बारीक खड्डे. मी बोट फिरवलं. चमच्याचे होते.

रावजी भिंतीकडं बघत म्हणाले, "बाकी सगळं घासलं. तेवढं राहू दिलं."

मी पदर खोचला आणि विचारलं, प्रसादाला चणे भिजवलेत का. भिजवले नव्हते.

आता दरसाल चणे मी करते. तुम्ही नवरात्रात आवडीकडं आलात तर पोरांना घेऊन रावजींकडं या. कायबी खेळू द्या, मोडलं तरी चालंल. हत्ती तेवढा मागू नका.