ट्रक गेला असंल

लातूरला आमच्या घराच्या खालच्या खोलीत मन्मथअप्पा राहतात. त्यांच्या खोलीत छताच्या हुकाला पंखा नाही. पंखा काढून त्यांनी खाटेखाली ठेवला आहे आणि त्या हुकाला कॉम्प्युटरचा माउस टांगला आहे. तो वायरीवर लोंबत टेबलावरच्या फळीपर्यंत येतो आणि टेकायच्या आत थांबतो. मधे पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट. त्याच्या पोटाखालचा लाल दिवा फळीवर पडलेला असतो.

लातूरचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला बिनपंख्याच्या खोलीचं मी वेगळं काय सांगू?

नवा माणूस आला की आधी माउसकडं बघतो, मग अप्पांकडं, मग माझ्याकडं. घरमालक मी, म्हणून उत्तर मला द्यावं लागतं. मी सांगतो, "भूकंप बघायला ठेवलाय." माणूस हसतो. मी हसत नाही, कारण मला त्यात माझा अपमान दिसतो.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत, ती पण बापानं मारून पाठवली तेवढी. पण हाताखाली उभी केलेली भिंत आजपर्यंत कुठं वाकली नाही. भूकंपानंतर नव्या गावठाणांतली घरं बांधत मी वर्षं काढली. पडलेल्या गावांतले मातीत रचलेले दगड मी या हातांनी उचलले. म्हणून स्वतःचं घर बांधलं तेव्हा चारी कोपऱ्यांत खांब, वरखाली काँक्रीटचे पट्टे आणि लोखंड असं भरलं की शेजारी म्हणाले, मिस्त्री किल्ला बांधायलाय का काय. अशा घरात बसून माझा भाडेकरू घर हलायची वाट बघतो, हे मी कसं खपवून घ्यावं?

एकदा मी तोंडावर विचारलं, "अप्पा, माझ्या स्लॅबवर इस्वास न्हाई का तुमचा?"

"स्लॅबवर हाय, मिस्तरी," ते म्हणाले, "जमिनीवर न्हाई."



अप्पा मूळचे औशाच्या पलीकडच्या एका खेड्यातले. ते गाव भूकंपात गेलं. पुढं ते लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानात लागले आणि तिथंच कॉम्प्युटर शिकले. तेव्हाच्या कॉम्प्युटरवर चित्रं नव्हती, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. काय पाहिजे ते टाइप करून सांगायचं. निवृत्त झाले तेव्हा शेठनं एक जुनं मशीन त्यांना देऊन टाकलं. आता मशीनवर चित्रं आली, बाण आला, पण अप्पा अजून काळाच पडदा उघडतात आणि टाइप करतात. त्याला ते कमांड म्हणत नाहीत, हुकूम म्हणतात. "मशीनला बोट दाखवायचं न्हाई, मिस्तरी. हुकूम सोडायचा."

माउस टांगल्यावर दुसरा इलाजही राहिला नाही. पडदा, कळा, माउस, तिन्हींचा बंदोबस्त टाइप करूनच करावा लागतो. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण बघून बघून त्या ओळींचे चेहरे ओळखीचे झाले आहेत. पहिला हुकूम पडद्याला, झोपायचं नाही. कोणी हात लावला नाही तर मशीनचा पडदा आपोआप काळा होतो, ते बंद. दुसरा उजेडाचा. दिवस मावळला की अप्पांच्या डोळ्यांना पाणी येतं, मग उजेड निम्मा करतात. तिसरा कळांना. अप्पांचं बोट जड. एक कळ दाबली की उचलायला वेळ लागतो, तोवर एकाच अक्षराची मुंग्यांसारखी रांग लागायची. त्यांनी हुकूम सोडला, कितीही वेळ दाबून धरू दे, अक्षर एकच उमटायचं.

चौथा हुकूम माउसला, आणि खरी पूजा ती. त्या ओळीच्या शेवटी आकडा असतो. आकडा वाढवला की माउस जरा हलला तरी पडद्यावरचा बाण या टोकाचा त्या टोकाला पळतो. दिवसा रस्त्यावर रहदारी, म्हणून आकडा लहान. दिवेलागणीला आकडा मोठा. मग अप्पा खुर्चीवर बसतात आणि बाणाकडं बघतात. टीव्ही बघावा तसं नव्हे. चुलीवर दूध ठेवून बाई बघते तसं.

तो टांगलेला माउस मी पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणालो होतो, "अप्पा, हा तर आमचा ओळंबा झाला." भिंत सरळ आली का बघायला आम्ही दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा.

"व्हय," ते म्हणाले. "तुमचा भिंतीवर नजर ठेवतो, माझा भुईवर."

लाइट गेली की मशीन सगळे हुकूम विसरतं. आणि आमच्याकडं लाइट जाते, हे काय सांगायचं! आली की अप्पा चष्मा पुसून पहिल्यापासून सगळं टाइप करतात. वरच्या मजल्यावरची एक मुलगी, जळकोटची, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणारी, तिला हे बघवलं नाही. म्हणाली, "अप्पा, हे एकदा सेव्ह करून ठेवा ना. मशीन चालू झालं की आपोआप होईल."

"आपोआप झालं बाई," अप्पा म्हणाले, "की माणूस बघायचं सोडतो."

दुसऱ्यांदा ती निकाल बघायला आली. म्हणाली, "अप्पा, माउस जरा खाली घ्या ना."

"माउस कामावर हाय," असं सांगून त्यांनी नुसत्या कळांवर तिचा निकाल काढून दाखवला. त्याला इतका वेळ लागला की तोवर तिला मैत्रिणीचा फोन येऊन निकाल कळला होता.

या वरच्या मुलींचं सांगायला हवं. क्लासेसची लाट आली तेव्हा गल्लीत प्रत्येकानं घरावर मजला चढवला. माझ्या धाकट्या पोरानं, बालाजीनं, दोन चढवले आणि मुलींचं होस्टेल काढलं. मुरुड, जळकोट, पार नांदेडकडच्या मुली आल्या. अप्पांनी माउस टांगला तो त्याच सुमाराला. आधी त्यांच्याकडं तांब्यावर पालथा पेला आणि पेल्यावर गोटी, भुई हलली की पडून वाजावी, एवढाच बंदोबस्त होता. "माझ्या एकट्यापुरतं ते बास होतं," म्हणाले.

एवढं करून त्या माउसनं आजपर्यंत एकही भूकंप पकडला नाही. एकदा खरोखर थोडं हादरलं, गल्ली बाहेर आली, मुली स्वतःच्या पायांनी खाली उतरल्या. तेव्हा नेमकी लाइट गेलेली होती आणि अप्पा अंधारात मशीनसमोर बसून होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनला जोडायची बॅटरी आणली.

आता त्यांची एक खोड सांगतो. बाण हलला की अप्पा उठतात, गुडघ्यावर हात ठेवून, चपला घालून रस्त्यापर्यंत जातात. ट्रक, टेम्पो, जे काही गेलं असेल ते डोळ्यानं बघतात आणि परत येऊन बसतात. एवढ्यात कोणी म्हणालं, "ट्रक गेला असंल, अप्पा, बसा," तर संपलं. एरवी मऊ बोलणारा हा माणूस लाल होतो. "असंल म्हंजे? बघितला का तुमी? न बघता कसं बोलता?" दूधवाला एकदा असं बोलून गेला, तर अप्पांनी त्याचं दूध बंद केलं. मी स्वतः हे वाक्य चिडवायला कितीदा वापरलं असेल! दोन म्हाताऱ्यांना भांडायला काहीतरी लागतंच.

मग ती पालीची भानगड झाली. परीक्षा जवळ आलेली, मुली जेवायला बसलेल्या, आणि अप्पा जिन्यात उभे राहून ओरडायला लागले, "बाहेर व्हा! पोरींनो, बाहेर!" मुली उष्ट्या हातानं रस्त्यावर. एक जिन्यात घसरली, पाय मुरगळला. सगळे रस्त्यावर उभे, भुई गप्प. मी आत जाऊन बघितलं तर बाण अजून पळत होता आणि माउसच्या वायरीवरून पाल उतरत होती.

मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी आले आणि बालाजीला नको ते बोलले. ते गेल्यावर बालाजी मला म्हणाला, "दादा, आता पुरे. म्हाताऱ्याला दुसरीकडं बघायला सांगा. त्या खोलीत मी खानावळ काढतो. तुमच्यानं होत नसंल तर मी सांगतो."

"माझा भाडेकरू हाय," मी म्हणालो. "मीच सांगणार."

संध्याकाळी गेलो. नुकतीच लाइट आली होती. बॅटरीनं केव्हाच दम तोडला होता. अप्पा हुकूम टाइप करत होते. मी खाटेवर बसलो. पडदा झाला, उजेड झाला, कळा झाल्या. माउसचा आकडा टाकून त्यांनी चष्मा काढला.

मी म्हणालो, "अप्पा, खोलीचं जरा बोलायचं होतं."

"बालाजी म्हणला का?"

मी काही बोलणार तेवढ्यात बाण थरथरला आणि कोपऱ्यात पळाला. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "ट्रक गेला असंल."

मी ओरडा खायला तयार बसलो. पण अप्पा ओरडले नाहीत. उठलेही नाहीत. चष्मा हातात धरून बसले.

"भूकंपाच्या आधी लई दिवस आमच्याकडं जमीन गुरगुरायची," ते म्हणाले. "फळीवरची भांडी वाजायची. आमची मंडळी, गंगूबाई, मला हाक मारायची. अहो, उठा, भांडी वाजायलीत. ती आत, मी अंगणात बाजेवर. म्हणायचो, ट्रक गेला असंल, झोप. दर वेळी तेच. ट्रक गेला असंल, झोप."

बाण कोपऱ्यात तसाच होता.

"त्या रात्री तिनं हाकच मारली न्हाई, मिस्तरी. कशाला मारील?"



"अन् एक सांगू का," अप्पा म्हणाले, "आमच्या गावाला सडकच न्हवती. बैलगाडीची वाट. ट्रक येणार कुठनं?"

मी भूकंपाची गावं पाहिलेला माणूस. लोकांनी मला खूप काही सांगितलं आहे, आणि मी थापी न थांबवता ऐकलं आहे. पण त्या वेळी माझ्या हातात थापी नव्हती. मी फळीवरच्या त्या लाल ठिपक्याकडं बघत बसलो. वर जिन्यात मुलींच्या चपला वाजत होत्या. क्लास सुटला होता.

बाण परत हलला. अप्पांनी गुडघ्यावर हात ठेवला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं, चपला घातल्या आणि बाहेर आलो.

फाटकात बालाजी उभा होता. "सांगितलं का, दादा?"

"सरक बाजूला," मी म्हणालो. "मला रस्ता दिसंना."

"कशाला रस्ता? अहो, खानावळीचं काय ते सांगा ना."

"गच्चीवर काढ खानावळ. पत्रे मी टाकून देतो. आधी सरक म्हणतो ना!"

तो सरकला. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. कोपऱ्यावर पाण्याचा टँकर वळत होता, भरलेला, मागनं पाणी सांडत. तो पुरता वळून दिसेनासा होईपर्यंत मी उभा राहिलो. मग परत येऊन खोलीच्या दारात थांबलो.

"टँकर हाय, अप्पा," मी म्हणालो. "पाण्याचा. बघून आलो."

अप्पांनी मान हलवली आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.