अष्टमंडळ वाढले त्याची हकीकत

॥ श्री ॥ ही पृथ्वी चेंडूसारखी गोल करून जो तीस आपल्या पायापाशी खेळवितो आणि पुढे कोणाकडे टोलवील याचा थांग कोणास लागू देत नाही, त्या परमेश्वरास नमन करून लिहिणे ऐसे की, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, ते दिवशी अष्टमंडळ वाढविण्याचा ठराव जाहला, आणि पुढे जे व्हावयाचे ते जाहले, ते आम्ही दरबारी उभे राहून जैसे देखिले आणि ऐकिले तैसे लिहितो. राज्य कोणते हे विचारू नये. लिहिणाराचे नावही विचारू नये, मान आम्हांस एकच आहे.

त्या राज्यात आठ ठाणी होती आणि प्रत्येक ठाण्यात एक थोर पाठशाळा होती, आणि तेथे शास्त्रे शिकावयास तरुण येत, आणि फावल्या वेळी चेंडू खेळत, आणि मग ऐसे जाहले की कोणत्या ठाण्यात कोणते शास्त्र शिकवितात हे कोणास सांगता येईना, परंतु चेंडूची फौज कोणाची बळकट हे पाळण्यातल्या पोरासही ठाऊक. अकरा गडी इकडचे, अकरा गडी तिकडचे, मध्ये चामड्याचा चेंडू, आणि भोवती रयत घसा फोडीत उभी. आठांनी मिळून मंडळ केले आणि त्यावर सरमंडळ म्हणोन श्रीमंत हैबतराव विराजमान जाहले. या आठांत सातपिंपळी आणि खैरमाळ ही दोन ठाणी सर्वांत लहान, एकाच नदीचे अलीकडे आणि पलीकडे, आणि उभयतांचे वैर इतके जुने की त्याचे मूळ पुसावे तो दोन्हीकडचे म्हातारे आपसांत भांडू लागत. दर साल मार्गशीर्षातले पहिले आदितवारी नदीच्या वाळूत त्यांची लढाई होत असे, आणि लढाई सरली की तेथेच पंगत बसे, आणि जो हरला त्या ठाण्याच्या मुख्याने कमरेस पंचा गुंडाळून, पळी हाती घेऊन, जिंकणारांच्या पत्रावळीवर स्वहस्ते पिठले वाढावे, आणि शेवटी हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हणावे, ऐसा रिवाज. सातपिंपळीचे मुख्य तुळाजीराव गादीवर बसले तेव्हापासून दर साल तेच वाढीत आले, आणि खैरमाळचे सुभानराव दर साल दुसऱ्यांदा पिठले मागून घेत आणि वर म्हणत, "मीठ जरा कमी पडलं हो तुळाजी." तुळाजीरावांचे केस पिकले, गुडघे गेले, परंतु एवढी एक इच्छा राहिली की सुभानरावांचे हातचे पिठले एकवेळ आपल्या पत्रावळीवर पडावे. आणि त्या साली फौजही तैसीच तयार जाहली होती. आम्ही स्वतः ती देखिली, आणि खैरमाळकरांचेही मनी धाकधूक होती.

आता एक गोष्ट आधी सांगणे जरूर. त्या दरबारी अशुभ शब्द उच्चारू नये ऐसी सक्त आज्ञा होती, आणि दसऱ्याचे दिवशी तर बोलणाराची जीभच धोक्यात. निघताना कोणी जातो म्हणू नये, येतो म्हणावे. दिवा विझला म्हणू नये, शांत जाहला म्हणावे. आणि हरलो हा शब्द तर इतका वर्ज्य की हरलेला मनुष्य "आज वाढणे आमच्याकडे" इतकेच म्हणे, आणि ऐकणाराने समजून घ्यावे. यामुळे दरबार मोठा गोड वाटे आणि खरे काय ते कोणास कळत नसे.

त्या दसऱ्यास आपट्याची पाने वाटून जाहली आणि नारळ वाढविला आणि मग कारभारी गिरमाजीपंत उभे राहिले. पंत मोठे हुशार, आणि हुशारीपेक्षा घाई अधिक. त्यांजबरोबर काचपेटीवाले व्यापारी आले होते. घरबसल्या दूरची लढाई चालू असता दिसते ऐसी एक काचेची पेटी या व्यापाऱ्यांनी घरोघर बसविली होती, आणि त्या पेटीचे पोट कधी भरत नसे. पंत बोलिले, "श्रीमंत, आसपासची मंडळे एकमेकांस गिळीत आहेत. आज आपण आठ आहो, उद्या राहू न राहू. म्हणोन आजच सीमोल्लंघन करावे. उत्तरेस मिठागराचे वाळवंट, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस अरण्य, जेथे जेथे चेंडू आहे तेथली ठाणी आत घ्यावी. आठांचे अठरा करावे." हैबतराव म्हणाले, "आणि नाव?" पंत म्हणाले, "नाव अष्टमंडळच. नाव बदलणे अशुभ." दरबाराने माना डोलाविल्या. तेव्हा तुळाजीराव काठी टेकीत उठले आणि म्हणाले, "समुद्र बघायला मिळंल हे बरंच हाय. पर आमची न् सुभानरावाची गाठ ऱ्हाईल का न्हाई, तेवढं सांगा. नसंल ऱ्हात, तर सातपिंपळीचा कौल न्हाई." आणि आठांतला एकही कौल कमी पडला तर ठराव होऊ नये ऐसा नियम होता, म्हणोन पंतांचा चेहरा उतरला, आणि पेटीवाले एकमेकांकडे पाहू लागले, आणि मग हैबतरावांनी भाकीत पाहावे ऐसी आज्ञा केली.

भाकीत सांगणारे नागनाथशास्त्री होरे. दर साल कोण जिंकेल ते ते आधी सांगत आणि ते बहुधा खरे होई. शास्त्र्यांनी पाटावर तांदूळ मांडले, आठ ढीग केले, मग अठरा केले, आणि बराच वेळ बघत राहिले. हैबतराव म्हणाले, "बोला. आम्ही ही ठाणी आत घेतली तर मंडळाचे काय होईल?" शास्त्री म्हणाले, "वाढेल." पंतांनी विचारिले, "किती वाढेल?" शास्त्री म्हणाले, "पुरते वाढेल." पुन्हा विचारिले, "थोर ठाणी काय म्हणतील?" शास्त्री खाली पाहून म्हणाले, "दोन थोर ठाणी भर दरबारी उभी राहून येतो म्हणतील." हे ऐकोन पेटीवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मग तुळाजीराव पुढे झाले आणि म्हणाले, "आन् माझं?" तेव्हा शास्त्री म्हणाले, "सुभानराव आपल्या हाताने तुमचे पान वाढतील. नदीच्या वाळूतच वाढतील." तुळाजीरावांचे डोळे भरून आले. त्यांनी भर दरबारी सुभानरावांचे पाठीवर थाप मारिली आणि म्हणाले, "ऐकलंस का सुभान्या? मीठ बेतानं घाल." आणि कौल दिला. सुभानरावही हसले, आणि हत्तीवरून साखर वाटली. आम्हीही खाल्ली.

पुढे लढायांची वाटणी जाहली, आणि ती पंतांनी पेटीवाल्यांस पुसून केली, आणि त्यात मार्गशीर्षाचा पहिला आदितवार सातपिंपळीस आला खरा, परंतु मिठागराचे वाळवंटात, राज्याच्या दुसऱ्या टोकास. खैरमाळास समुद्रावर धाडिले. तुळाजीराव पंतांकडे गेले तो पंत म्हणाले, "अहो, तुम्ही दोघे शेजारी. तुमची लढाई पाहणार कोण, तर तुमच्याच दोन गावची माणसे, आणि ती तर नदीवर जाऊन उघड्या डोळ्यांनी पाहतात. पेटी कोण उघडील? सबुरी धरा, कधी तरी पाळी येईल." तुळाजीरावांनी सबुरी धरली. पाठशाळेची मुले महिनामहिना वाटेवर राहू लागली, शास्त्रे होती नव्हती ती सुटली, पाण्याच्या पालटाने गडी आजारी पडू लागले. जेथे जावे तेथे कोणी ओळखीचे नाही, वैर नाही, शिवी नाही, कोणास कोणाचा राग नाही. सातपिंपळी एके ठिकाणी हरली आणि तुळाजीरावांनी रिवाजाप्रमाणे कमरेस पंचा गुंडाळून पळी मागितली, तो तेथले लोक हसले आणि म्हणाले, "कसली पंगत बाबा? ज्याचं त्यानं खाऊन जायचं." खरे सांगतो, हरल्याचे त्यांस इतके दुःख जाहले नाही जितके त्या रित्या हाताचे जाहले.

दुसऱ्या दसऱ्यास दरबार भरला आणि वज्रवाडी आणि हत्तीखांब या दोन थोर ठाण्यांचे मुख्य उठले आणि हात जोडून म्हणाले, "येतो." पंतांनी आनंदाने साखर मागविली, कारण भाकीत खरे जाहले ऐसे त्यांस वाटले, आणि साखर अर्धी वाटून होईतो ते दोघे घोड्यांवर बसून शेजारच्या मंडळात दाखल जाहले. मग पुढे मिठागरवाले येतो म्हणाले, अरण्यवाले येतो म्हणाले, आणि दरबारात ज्या त्या वेळी साखर तोंडात धरून माणसे दाराकडे बघत राहिली. हैबतरावांनी कोपून शास्त्र्यांस बोलाविले आणि म्हणाले, "तुम्ही मंडळ वाढेल म्हणाला होता." शास्त्री म्हणाले, "श्रीमंत, काल माझ्या सुनेची बांगडी दगडावर आपटून वाढली. घरात एक काकण अधिक जाहले काय? दसऱ्याचा दिवस, आपली आज्ञा, मी दुसरा शब्द कोठून आणावा?" इतके सोपे बोलणे इतक्या शहाण्यांपैकी एकासही कळले नव्हते, आणि ज्यास कळले त्याने तोंड उघडले नव्हते. याचा आम्हांस आजही संताप येतो. शास्त्र्यांस भाकीत सांगण्याची बंदी जाहली.

दाराशी तुळाजीरावांनी शास्त्र्यांस गाठिले आणि विचारिले, "सुभानराव पान वाढतील म्हणाला व्हता. त्ये तरी खरं का?" शास्त्र्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "वाढतील." तुळाजीराव म्हणाले, "मग झालं." समजले की नाही समजले, आम्हांस सांगवत नाही. तेथून ते तडक नदी उतरून खैरमाळास गेले आणि सुभानरावांस म्हणाले, "मंडळ गेलं उडत. औंदा आदितवारी आपुन आपलं वाळूत खेळू. तुझी पोरं, माझी पोरं. पेटी नगं, साखर नगं." सुभानरावांचे मन जाहले होते. परंतु मंडळाचे वाटणीबाहेर खेळेल त्याचे ठाणे मोडावे ऐसी पंतांची ताकीद होती, आणि सुभानराव भ्याले. म्हणाले, "फुडल्या साली बघू तुळाजी. जरा निवू दे." तुळाजीराव म्हणाले, "फुडल्या साली," आणि नेहमी येतो म्हणत, ते त्या दिवशी काही न म्हणता उठले.

मार्गशीर्षात मिठागरवाले तर मंडळ सोडून गेले होते, तरी सातपिंपळीस पुन्हा उत्तरेसच धाडिले, कारण वाटणी बदलावयास कोणास सवड नव्हती. फौज तेथे पोहोचली तो समोर कोणी नाही, मैदानात वारा आणि मीठ. पंतांची चिठ्ठी आली की जिंकला ऐसे समजावे. ऐसी जीत तुळाजीरावांच्या नशिबी आली. परतताना थंडीने ताप भरला, आणि एका धर्मशाळेत, पोरे पाय चोळीत असता, म्हातारा शांत जाहला. आम्ही शांत जाहला ऐसे लिहिले. मेला. एकवेळ तरी लिहू द्या.

अस्थी नदीवर आणिल्या आणि दहाव्यास पुतण्या बाजी याने वाळूत पिंड मांडिला, आणि कावळे काठच्या पिंपळावर येऊन बसले आणि खाली उतरेनात. बाजी म्हणाला, "काका, पाठशाळा चालवीन." कावळा हलेना. "काकीला सांभाळीन." हलेना. ऊन वर आले, माणसे दमली. तेव्हा नदीतून गुडघाभर पाण्यातून सुभानराव येताना दिसले, कमरेस पंचा गुंडाळलेला, एका हातात पिठल्याची कढई, दुसऱ्या हातात पळी. त्यांनी पत्रावळ मांडिली, भाकरी ठेविली, पळीने पिठले वाढिले, आणि पुन्हा एक पळी वाढिली, आणि म्हणाले, "तुळाजी, मीठ बेतानं घातलंय." कावळा हलेना. "मंडळ सोडतो. तुझ्या पोरांसंगं दर साल खेळंन." कावळा हलेना. मग सुभानराव वाळूत खाली बसले आणि साऱ्या जमावापुढे, जो शब्द त्या राज्यात कोणा मुख्याने कधी उच्चारिला नव्हता तो मोठ्याने म्हणाले, "हरलो रं तुळाजी. मी हरलो." आणि रडू लागले, आणि मग हात जोडून म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

तेव्हा कावळा उतरला. तो भुकेला होता म्हणोन उतरला ऐसे पंत पुढे दरबारी म्हणाले. म्हणोत. पंत वाळूत नव्हते, आम्ही होतो.

एवंच, आठांचे अठरा जाहले, अठरांचे चार राहिले, आणि नाव अष्टमंडळच आहे. सातपिंपळी आणि खैरमाळ आता मंडळात नाहीत. मार्गशीर्षाच्या पहिल्या आदितवारी वाळूत दोन्हीकडची पोरे खेळतात, पेटीत ते दिसत नाही, आणि पंगतीत एक पत्रावळ रिकाम्या जागी मांडितात आणि सुभानराव जिंकोत वा हरोत, तीवर आधी वाढितात. दरबारी अशुभ न बोलण्याची आज्ञा अद्याप चालू आहे, सबब ही बखर संपली ऐसे आम्हांस लिहिता येत नाही. वाढली ऐसे लिहितो.