रफिकभाईंचे कंस

रफिकभाई बोलता बोलता बोटं मिटत जातात. गोष्टीला फाटा फुटला की एक बोट, फाट्याला फाटा फुटला की दुसरं. सगळी बोटं उघडल्याशिवाय उठायचं नाही. "कंस उघडला ना बे, मंग बंद कर!" एकदा चहाच्या टपरीवर त्यांची पाचही बोटं मिटली आणि माझा तास बुडाला.

दोष स्कीम नावाच्या संगणकभाषेचा. तिच्यात शब्दांहून कंस जास्त. बुलढाण्याच्या कॉलेजात आम्ही दोघं संगणक शिकवायचो. भाईंनी स्कीममध्ये वेब-पानांचे साचे रचले होते. साच्यातल्या रिकाम्या जागी शेतकऱ्याची जमीन कशी, पाणी किती हे भरलं की त्याच्यापुरता सल्ला तयार. बीटी कापूस नवा होता, त्याला पाणी जास्त लागे, तरी दुकानदार सरसकट सगळ्यांना तेच बियाणं देत होते. कोरडवाहूवाल्याचं काय, हे कुणी विचारत नव्हतं.

भाईंना हे पान पेरणीआधी रोहिणखेड गावच्या वाचनालयात चालायला हवं होतं. पण तिथला संगणक म्हातारा. स्कीम चालवणारे प्रोग्राम अनेक. त्या संगणकाला झेपणारा एकच, आणि तो आमच्या कॉलेजातल्यापेक्षा वेगळा. साचे त्यात बसवायचं काम मी घेतलं.

"भाषा एकच आहे ना? मग काय, तासाभराचं काम!" मी म्हणालो आणि खरंच तासाभरात उरकलं. तपासलं मात्र आमच्याच संगणकावर, जुन्याच प्रोग्रामात.

एसटीनं रोहिणखेड गाठलं. भाईंनी पहिली माहिती भरली: नाव नसीम, जमीन हलकी, विहिरींची यादी रिकामी. पान उघडलं: 'विहीर आहे. बीटी लावा.'

आमच्या जुन्या प्रोग्रामात रिकामी यादी म्हणजे 'नाही'. इथल्यात मात्र रिकामी असली तरी यादी 'आहे'च! सरकारला जमलं नाही ते मी तासाभरात केलं होतं: गावातल्या प्रत्येकाला विहीर.

मी शिव्यांची वाट पाहिली. भाई संगणकासमोर बसले आणि एकेक जागा दुरुस्त करू लागले. दुपार गेली.

"भाई, चाचणीले दरवेळी नसीमच काऊन?" मी विचारलं.

"आपा आहे माही. इथंच, मशिदीमागं राह्यते." एकही बोट न मिटता ते पुढं बोलले. "मागच्या साली मीच म्हटलं, बीटी लाव. शिकेल भाऊ सांगते म्हून तिनं लावलं. पाऊस दडी मारून बसला, सारं वाळलं. विहीर नाही, हे मले माहीत होतं बे. ध्यानातच नाही आलं. तवापासून बोलत नाही."

पान शेवटी बरोबर आलं: 'पाणी नाही. बीटी नको, देशी कापूस लावा.' भाईंनी कागद छापून माझ्या हाती दिला. "तू देऊन ये. मले पाहून ती दार लावून घेईन."

आपांनी अंगणात उभ्यानंच कागद वाचला. उलटून मागची बाजू पाहिली.

"यावर रफिकचं नाव काऊन नाही?"

"आपा, तुम्ही रागावल्या म्हणून..."

"राग माहा आहे, मी पाहून घेईन. पन बिननावाच्या कागदावर मी पेरू कशी?"

मी धावत वाचनालयात आलो आणि शब्दन् शब्द सांगितला. भाईंनी खुर्ची पुढं ओढली. मग साच्याच्या तळाशी एक ओळ घातली: 'सांगणारा: रफिक.' कागद छापला, घडी केली. मी हात पुढं केला.

या वेळी त्यांनी तो माझ्याकडे दिला नाही.