समुद्र मूळचा दर्यापूरचा

आमच्या तुळशीरामभाऊंच्या मते अरबी समुद्र मूळचा दर्यापूर तालुक्यातला. कधीकाळी तो इथेच राहत होता. मग काय बिनसलं देव जाणे, उठला आणि कोकणात निघून गेला. पुरावा मागितला तर भाऊ आधी तालुक्याच्या नावावर येतात. "दर्या होता म्हनून दर्यापूर. उगाच कोनी नाव ठेवते का?" तेवढ्यानं ऐकणारा बधला नाही, तर त्याला आपल्या विहिरीचं पाणी पाजतात. एका घोटात माणूस गप्प होतो. पटलं म्हणून होतो की तोंड वाकडं झालं म्हणून, ते भाऊ विचारत नाहीत.

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट का, हे मी त्यांना नकाशा काढून समजावलं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं पुस्तक पुन्यात छापते ना? तिथल्या विहिरी गोड्या. त्याईले काय मालूम? लिहून घ्या, गुर्जी, समुद्र आमचा हाय."

'लिहून घ्या, गुर्जी' हे त्यांचं पालुपद. पाऊस कधी येणार, सरपंच कोण होणार, शेजारची म्हैस कधी विणार, सगळं ते मला लिहून घ्यायला सांगतात. मी आजवर एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर चार वह्या भरल्या असत्या आणि त्यातलं खरं निघालेलं पोस्टकार्डावर मावलं असतं.

खारपाणपट्टा म्हणतात आमच्या भागाला. बाहेरच्या लोकांना आमची कीव येते. विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, आणि ते पाणी पिकाला दिलं तर पीक मान टाकतं. सगळं कबूल. पण नुसत्या पावसाच्या ओलीवर याच काळ्या मातीत येतो तो हरभरा एकदा खाऊन बघा, आणि मग कीव करा. मला स्वतःला या मातीचा अभिमान आहे, फक्त मी भाऊंसारखा ओरडून सांगत नाही.

गावात धरणाचं गोड पाणी नळानं येऊन बरीच वर्षं झाली. सगळ्यांनी विहिरींकडे पाठ फिरवली, भाऊंनी नाही. त्यांच्या ओसरीत पाहुणा टेकला, की आधी विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढे. तलाठी प्याला, लस द्यायला आलेली नर्सबाई प्याली. मतं मागायला आलेला एक उमेदवार तर अख्खा तांब्या प्याला आणि "अमृत आहे, अमृत" म्हणाला. भाऊंनी त्याला मत दिलं नाही. "खोटं बोलनारा मानूस. अमृत कायचं? पानी खारटच हाय. पन आपलं हाय."

या परीक्षेत त्यांनी आणखी एकाला नापास केलं. त्याचं नाव मंदार.

भाऊंची एकुलती एक लेक रूपाली माझी विद्यार्थिनी. डी.एड. झाली आणि नोकरी लागली ती थेट दापोलीकडच्या एका वाडीतल्या शाळेत. आमच्याकडची कितीतरी पोरं अशी कोकणात मास्तर होऊन गेली आहेत, तरी भाऊंनी खापर माझ्या डोक्यावर फोडलं. "तुमीच तिले नकाशा दाखोला." मंदार त्याच शाळेत शिकवणारा, तिथलाच राहणारा. तीन वर्षांपूर्वी तो तिला मागणी घालायला एवढ्या लांब आला. ओसरीत बसला. तांब्या आला. एक घोट घेतला आणि बिचारा सरळ मनानं म्हणाला, "थोडं खारट आहे, नाही?"

झालं! भाऊ तरातरा आत निघून गेले. "समुद्राच्या काठी राह्यनारा पोट्टा, अन् त्याले आमचं पानी खारट लागते!"

मी म्हटलं, "अहो, तुम्ही स्वतःच खारट म्हणता की."

"मी म्हनतो. मी घरचा मानूस. तो पावना हाय. पावन्यानं पान्याले नाव ठेवाव काय?"

लग्न तिकडेच नोंदणीनं झालं. भाऊ गेले नाहीत. जावयाचा दिवाळसण झाला नाही, लेकीला माहेरी आणायला कुणी गेलं नाही. आपणहून तीही आली नाही, शेवटी बापाचीच लेक. "बाबा न्यायले येतीन तवाच येईन," असं तिनं आईला सांगून ठेवलं. अशा तीन दिवाळ्या गेल्या. दर दिवाळीला शांतावहिनी लेकीच्या वाटचा फराळ डब्यात भरून ठेवायच्या आणि तुळशीच्या लग्नानंतर मुकाट्यानं वाटून टाकायच्या.

वहिनी रोज संध्याकाळी लेकीशी फोनवर बोलायच्या. त्या वेळी भाऊ ओसरीतल्या खाटेवर डोळे मिटून पडलेले असत. घोरतसुद्धा. पण तिकडे पोरीला ताप आल्याचं किंवा पाय मुरगळल्याचं निघालं, की घोरणं एकदम बंद. विषय बदलला की पुन्हा सुरू. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, कानांनी ऐकलं आहे.

यंदा दसरा झाला आणि भाऊ माझ्या दारात उभे. हातात दोन लिटरची बाटली, विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली.

"गुर्जी, कोकनात चाला."

"कशाला?"

"आपलं पानी जास्त खारट का समुद्राचं, ते एकदाचं पाहून येऊ. तीन वर्सापासून वाद चालू हाय. तुमी भूगोलवाले, साक्षीदार म्हनून चाला."

"वाद कोण घालतंय? मंदारनं तर पुन्हा तोंडही उघडलं नाही. सरळ सांगा ना, लेकीला आणायला जाताय."

"पान्याचा विषय चालू हाय. मधात पोरीचा कावून काढता?"

तिकिटं त्यांनीच काढली होती. दिवाळीच्या सुट्ट्या लागण्याच्या बेतात आम्ही अकोल्याहून रेल्वेत बसलो. बाटली सबंध प्रवासात त्यांच्या मांडीवर. पुढे एसटीत घाट लागला. "रस्ता हाय का जिलबी?" भाऊ म्हणाले आणि त्यांनी बाटली पोटाशी धरली. खिडकीबाहेर इतकी हिरवळ की माझं मन हरखून गेलं. भाऊ म्हणाले, "हिरवं तर शेवाळई असते." डोंगरउतारावरची भाताची खाचरं दाखवली, तर म्हणाले, "याले वावर म्हनते? एवढ्यात आमचा एक बैल बसते." नारळांच्या बागा आल्या. "फळ पायजे तर झाडावर चढा, मासा पायजे तर पान्यात उतरा. जमिनीवर या लोकाईले काई भेटतच नाई काय?" शेजारचा कोकणी प्रवासी रागावेल म्हणून मी घाबरलो, पण तो गालात हसत होता. त्याच्याकडेही असले म्हातारे असणार.

रूपाली अंगणातच उभी होती. तिनं वाकून नमस्कार केला. "बरी हाय ना?" एवढं विचारून भाऊ वळले ते तिच्या दारची विहीर पाहायला. मंदारच्या आईनं मोठ्या अगत्यानं गूळ आणि पाणी पुढे केलं. भाऊंनी गूळ घेतला, पाण्याला हात लावला नाही. "पानी मंग. आधी समुद्र."

रूपाली-मंदारला घेऊन आम्ही किनाऱ्यावर गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पुण्या-मुंबईची माणसं फोटो काढत होती, पोरं वाळूत लोळत होती. पासष्टी ओलांडलेल्या या माणसानं समुद्र कधी पाहिलेला नव्हता. वाळू लागताच त्यांनी देवळात जाताना काढतात तशा चपला काढल्या. पुढे गेले आणि उभेच राहिले. पाणी पायांवर येऊन परत गेलं, पुन्हा आलं. मला वाटलं, आता इथेही काहीतरी खुसपट काढणार.

"लय मोठा झाला रे हा," ते म्हणाले.

आवाजात असा अभिमान, की शेजारून जाणाऱ्या बाईनं मुलगा कलेक्टर वगैरे झाला का, अशा नजरेनं इकडेतिकडे पाहिलं.

मग परीक्षा. भाऊंनी ओंजळभर समुद्र उचलला आणि मी नको नको म्हणेपर्यंत घशाखाली घातला. एवढा ठसका लागला की डोळे पांढरे व्हायची वेळ. रूपाली धावत येऊन पाठ चोळू लागली. तीन वर्षांत तिचा हात प्रथमच त्यांच्या पाठीवर पडला होता. ठसका थांबला, तरी त्यांनी तो हात थांबवला नाही.

मग त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, एक घोट घेतला, चुळबुळले. निकाल चेहऱ्यावर लिहिलेला होता, पण तोंडानं कबूल करतील तर ते भाऊ कसले! त्यांनी बाटली मंदारपुढे धरली.

"घ्या, जवाईबापू. आता सांगा."

मी मंदारला डोळ्यांनी खुणावत होतो, बाबा रे, गोड म्हण, संपवून टाक एकदाचं. त्यानं शांतपणे घोट घेतला. गिळला.

"खारटच आहे, बाबा," तो म्हणाला.

मी मनात म्हटलं, गेली चौथी दिवाळी!

"पण याची चव मला पाठ झालीय," तो पुढे बोलला. "आमच्या विहिरीचं पाणी गोड. हिला ते गोड लागत नाही. कधी कधी चिमूटभर मीठ टाकून पिते. आधी मला वाटायचं, पोट बिघडलंय."

"गप बसा तुमी," म्हणून रूपालीनं त्याच्या हातातली बाटली ओढून घेतली आणि तोंडाला लावली. ती गटागटा प्याली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बाटली काही सोडेना. अर्धी रिकामी झाल्यावर तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "विहिरीतला गाळ काढला वाट्टे यंदा. चव थोडी बदलली, बाबा."

भाऊंनी तोंड समुद्राकडे फिरवलं. मग सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "गुर्जी, वाचून दाखवा. माह्या डोयात खारं पानी गेलं."

परतीची तिकिटं होती. मला वाटलं दोन असतील. नावं चार होती: त्यांचं, माझं, रूपालीचं आणि मंदारचं. दिवाळीच्या गर्दीत अशी तिकिटं दोन महिने आधी काढल्याशिवाय मिळत नाहीत. म्हणजे पोळ्याच्या सुमारासच या माणसानं, कुणाला न सांगता, चौघांची जागा धरून ठेवली होती, आणि मला मात्र पाण्याची चव घ्यायला म्हणून आणलं होतं!

"अहो, मग घरातून निघतानाच का नाही सांगितलं?" मी चिडून विचारलं.

"पान्याचा निकाल लागाचा होता ना," भाऊ म्हणाले. मग मंदारकडे न बघता मंदारला म्हणाले, "तीन वर्साचा दिवाळसन रायला तुमचा. चाला घरी. मानूस खोटं बोलत नाई, हे पाह्यलं मी. दोनदा पाह्यलं."

चौथ्या दिवशी आम्ही गावी पोचलो. शांतावहिनींनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, रडून घेतलं, आणि जावई ओसरीत बसताच सवयीनं विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. भाऊंनी तो त्यांच्या हातातून काढून लेकीला दिला. स्वतः आत गेले आणि पेला भरून घेऊन आले.

"हे घ्या, जवाईबापू," ते हळूच म्हणाले. "नळाचं हाय. गोड."

ओसरीच्या कोपऱ्यात मी बसलेलो होतो. माझ्याकडे लक्ष जाताच ते जरा ओशाळले.

"हे मात्र लिवू नका, गुर्जी."

जन्मभर त्यांनी लिहून घ्यायला सांगितलेलं मी काहीच लिहिलं नाही. हे घरी येऊन त्याच दिवशी लिहून काढलं.