मामांचे सत्तावन्न मार्क

मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवावं कसं, हे मला विचारा. अठरा वर्षं मी तेच करतोय, आणि यंदा तर मी अशी योजना काढली की आमच्या साहेबांनीही मान डोलावली. आठवडाभर धडे फोनवर, घरबसल्या. रविवारी वर्गात समोरासमोर सराव. निम्मे मार्क फोनवरच्या परीक्षेला, निम्मे वर्गातल्या परीक्षेला. सहा महिन्यांनी बेरीज चाळीसच्या वर गेली की प्रमाणपत्र.

वर्गात एक मामा होते. इस्पितळात स्ट्रेचर ढकलायचे. गुडघ्यांची पार वाट लागली होती. औषधांच्या खोलीत बसून करायच्या कामाची एक जागा रिकामी होणार होती, पण तिथे खोक्यांवरची नावं वाचता यायला हवीत. वेळेत प्रमाणपत्र दाखवलं तर जागा, नाहीतर पुन्हा स्ट्रेचर. "सर, एवढं पार पाडून द्या," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले, आणि मी छातीठोकपणे हो म्हटलं.

फोनवर मामा म्हणजे चमत्कार. धडा टाकला की तासाभरात उत्तरं हजर, काना-मात्रेची चूक नाही. वर्गात मात्र तोंडाला कुलूप. वाचा म्हटलं की चष्मा विसरलेला. मी माझा काढून दिला, तर म्हणाले, "याचा नंबर वेगळा आहे." मला वाटलं, माणूस चारचौघांत बुजतो. "मामांकडून काही शिका," असं मी सगळ्या वर्गाला सुनावलं. मामा खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत राहिले.

परीक्षा झाली. फोनवर पन्नासपैकी पन्नास, वर्गात सात. घाबरले असतील बिचारे, अशी मी स्वतःची समजूत घातली. बेरीज सत्तावन्न. मी प्रमाणपत्र देऊन मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी मामा ते घेऊन परत आले. बरोबर मामी होत्या. मामांनी कागद टेबलावर ठेवला.

"सर, यातले सात माझे. बाकीचे हिचे."

"म्हणजे?"

"फोन घरी असतो, मी ड्युटीवर. तुम्ही म्हणालात, फोनवरचा अभ्यास घरी झाला पाहिजे. घरी झाला."

"अहो मामा, तो तुम्ही करायचा होता!"

"ते मला उशिरा कळलं. तोवर हिला गोडी लागली होती. हातातून काढून घ्यायचं जिवावर आलं."

मी डोक्याला हात लावला. पुढे जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. "मामा, कागद हातात आहे ना? दाखवून टाका. वाचायला येईल हळूहळू."

मामांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"भलतंच औषध वॉर्डात गेलं तर माणूस जाईल, सर. स्ट्रेचरवरची माणसं मी रोज बघतो."

मी कागद परत घेतला. तेवढ्यात मामाच म्हणाले, "मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलंय. जागा हिला द्यायला तयार आहेत. फक्त कागद हिच्या नावाचा पाहिजे. उद्यापर्यंत."

"हात्तिच्या, एवढंच ना?" माझ्या जिवात जीव आला. मार्क मामींचेच होते, नाव तेवढं पटावर घ्यायचं. मी खणातून प्रवेशाचा अर्ज काढून मामींपुढे सरकवला.

मामी आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी अर्ज सरळ केला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या. कुठे अडखळणं नाही की थांबणं नाही. मामा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

चौथ्या ओळीवर त्या थांबल्या.

"सर, इथे लिहिलंय, ज्यांना लिहिता-वाचता येतं त्यांना या वर्गात प्रवेश मिळणार नाही."

नियम मीच घातला होता. सोपे शब्द, ठळक अक्षरं, कुणालाही वाचता यावा असा.