सपाताचं दुसरं बारसं

"चार तास दहा मिनिटं!" पिवळ्या पाटीवर काठी आपटत रेटो इमफेल्ड गरजला. "ही वेळ म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आहे, पोरांनो! आपण अडीच तासांत वर!"

आल्प्समधल्या वाटांवरच्या पाट्या अंतर सांगत नाहीत, वेळ सांगतात. ती वेळ कोणाच्या पायांनी मोजली, देव जाणे! पण पाटीपेक्षा अर्धा तास आधी पोचल्याचं चार लोकांना ऐकवल्याशिवाय इथल्या माणसाला जेवण गोड लागत नाही. रेटो तर तीस वर्षं पाट्यांना हरवत आला होता. निदान तो तसं सांगत होता. बरोबर कधी कोणी गेलेलं नसल्यामुळे खात्री करून घ्यायची सोय नव्हती.

एरवी रेटो म्हणजे हिंटरब्रुन गावच्या कचेरीत नळजोडणीचे अर्ज तपासणारा त्रेचाळीस वर्षांचा कारकून. शनिवार उजाडला की मात्र गळ्यात स्कार्फ बांधून तो गावच्या स्काउट पथकाचा म्होरक्या व्हायचा. आणि तिथेच त्याचं जुनं दुखणं होतं. स्काउटात प्रत्येकाला एक टोपणनाव मिळतं. मग लहानथोर सगळे त्याच नावानं हाक मारणार, तीही अरे-तुरेत. त्याची मदतनीस सेलिना बावीस वर्षांची, सदा कामात, म्हणून ती 'मुंगी'. प्रश्न विचारून जीव नकोसा करणारी बारा वर्षांची निवेस, म्हणून ती 'टोचणी'. आणि रेटो? अकरा वर्षांचा असताना हा पठ्ठ्या पहिल्याच सहलीला घरातल्या लोकरी सपाता घालून आला होता. झालं! त्या दिवसापासून तो 'सपाता'.

तीस वर्षं सपाता! लग्नाच्या दिवशी मित्रांनी चर्चच्या दारात दुतर्फा उभं राहून सपातांची कमान धरली होती. नवरी हसून हसून रडली. रेटो नुसताच रडला.

आता येत्या शरदात पथकाची शंभरी होती. त्यानिमित्त एका लाकडी फळीवर आजवरच्या सगळ्या म्होरक्यांची टोपणनावं कोरली जाणार होती. कोरली! म्हणजे रेटो मेला तरी सपाता उरणार! नाव बदलायची एकच वाट होती. म्होरक्यानं सगळ्या पथकासमोर काहीतरी अचाट करून दाखवायचं आणि पथकानं मत द्यायचं. रेटोनं नवं नाव मनाशी पक्कं करून ठेवलं होतं. श्टाइनबॉक! कड्याच्या टोकावर छाती काढून उभा राहणारा लांब शिंगांचा रानबोकड! नुसत्या कल्पनेनं त्याची मान ताठ व्हायची आणि बायको विचारायची, "मान आखडली का?"

तर आज वर पोचायचं आणि तिथल्या मुक्कामाच्या निवाऱ्यावर सूप पिता पिता मतदान उरकायचं, असा बेत होता.

"आधी मोबाइल इकडे!" त्यानं हुकूम सोडला. बारा पोरांचे बारा आणि मुंगीचा एक असे तेरा मोबाइल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेले. वर स्वतःचाही टाकून रेटोनं डब्याला कुलूप ठोकलं, डबा आपल्या पाठीवरच्या पिशवीत टाकला आणि किल्ली मोठ्या ऐटीत मुंगीच्या गळ्यात घातली. "म्हणजे मलाही मोह नको!"

"आणि कोणी पडलं तर?" टोचणीनं विचारलं.

"त्यासाठी खुणा असतात! हेलिकॉप्टर आलं, की दोन्ही हात वर म्हणजे 'हो, मदत हवी'. एक हात वर, एक खाली म्हणजे 'नको, जा'. करा बघू!"

बारा पोरांनी हात वरखाली केले. टोचणीचं लक्ष मात्र खाली होतं. "सपाता, तुझे बूट केवढे जुने आहेत!"

"माझ्या वडिलांचे आहेत. असे बूट हल्ली मिळत नाहीत!"

पुढे दीड तासानं कळलं, की का मिळत नाहीत.

पहिला तास झकास गेला. रेटो पुढे, पोरं धापा टाकत मागे. मग मागून काठ्यांची टकटक ऐकू आली. शेजारच्या गावच्या महिला व्यायाम मंडळाच्या सात आज्या! सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. डोंगरात भेटणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायचा असा इथला शिरस्ता. त्यामुळे सातही जणींनी ओळीनं नमस्कार केला, रेटोनं सात वेळा थांबून तो परत केला आणि तेवढ्यात त्या वळणापलीकडे गेल्यासुद्धा! जाता जाता शेवटची आजी म्हणाली, "दमलास का रे बाळा? घे, वाळवलेला जर्दाळू घे."

रेटोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोरं जर्दाळूकडे बघत होती. त्याहून वाईट म्हणजे, पोरं हसत होती.

"मुंगे, तू पोरांना घेऊन खुणेच्या वाटेनं जा," तो म्हणाला. "मी सरळ चढून जातो. तुम्ही याल तेव्हा सूप गरम असेल!"

"अरे, पण तिकडे वाट कुठाय?"

"वाट बोकडाला विचारत नाहीत!"

या वाक्याचा अर्थ कोणालाच कळला नाही. मुंगीला वाद घालायचा होता, पण बारा पोरं सांभाळायची होती. ती पुढे झाली.

रेटो सरळ चढला. खरंच चढला! वीस मिनिटं तो बोकडच होता. एकविसाव्या मिनिटाला उजव्या बुटाचा तळवा निघाला आणि उतारावरून टणाटण उड्या मारत नाहीसा झाला. तीस वर्षांचा डिंक तो, किती दिवस तग धरणार? रेटोनं डाव्या पायावर भार दिला. डावा तळवाही गेला. आता खाली नुसतं गुळगुळीत चामडं आणि पायाखाली नुकतीच पाणी शिंपल्यासारखी निसरडी गवताळ घसरण! रेटो बसला. बसल्या बसल्या निघाला, तसं ते चामडंही मोज्यांसकट बोटांपासून फाटत गेलं. आणि थेट खालच्या एका रुंद, गवताळ कपारीत जाऊन थांबला. वर जाता येईना. खाली चाळीस फुटांचा उभा कडा.

त्याच्या मानेवर गरम श्वास आला.

मागे, पुढे झुकलेल्या खडकाच्या सावलीत एक गाय बसली होती. तपकिरी, डौलदार, सातशे किलोंची. तिनं रेटोचा स्कार्फ हुंगला आणि खायला घेतला.

रेटोला हायसं वाटलं. त्यानं लगेच डोकं चालवलं. गाय आहे म्हणजे वाट आहे! गाईला संध्याकाळी दूध द्यायला घरी जावंच लागणार. ती उठली, की आपण मागोमाग जायचं! गाय इथे कशी आली असेल, हा प्रश्न मात्र त्याला पडला नाही. ती अगदी त्याच्यासारखीच आली होती. काल.

अडीच तास तो गाईच्या उठण्याची वाट पाहत बसला. दरीपलीकडे, समोरच निवारा दिसत होता. अंगणात सात आज्या सूप पीत होत्या. मग एकेक करत बारा पोरं आणि मुंगी पोचली. पाटीवरच्या वेळेपेक्षा दहा मिनिटं आधी! एका आजीनं दुर्बीण काढली. दुर्बीण फिरत फिरत कपारीवर आली आणि थांबली. मग ती हातोहात सगळ्या अंगणात फिरली. रेटोनं सहज उभं असल्यासारखं दाखवायला एक पाय दगडावर ठेवला, पण उघड्या बोटांना दगड चटचट भाजला.

आणि तेवढ्यात घरघर ऐकू आली. हेलिकॉप्टर!

मुंगीनं निवाऱ्यावरून फोन केला असणार! साऱ्या पथकादेखत दोरीनं लोंबत जायचं? मग कसला श्टाइनबॉक! फळीवर सपाताच कोरला जाणार, वर लोक बोट दाखवून गोष्टही सांगणार! हेलिकॉप्टर समोर येऊन घिरट्या घालू लागलं. रेटोनं छाती काढली, एक हात वर केला, एक खाली केला आणि आयुष्यातली सर्वांत झोकदार खूण केली. नको! जा!

वैमानिकानं मान हलवली. हेलिकॉप्टर वळलं आणि गेलं.

दरीपलीकडे टाळ्या वाजतील असं रेटोला वाटलं होतं. त्याऐवजी खालून एक किंचाळी आली.

"अरे ए शहाण्या! माझं हेलिकॉप्टर परत का पाठवलंस?"

कड्याच्या पायथ्याशी व्रेनी उभी होती, वरच्या कुरणावरची गवळण. साठीची, गुडघ्याएवढे बूट, हातात काठी. दोन हजार मीटरच्या वर अहो-जाहो चालत नाही, आणि व्रेनी तर खालीही कोणाला अहो म्हणत नसे.

"तुमचं... तुझं हेलिकॉप्टर?"

"मग कोणाचं? तुझ्या काकाचं? काल दुपारपासून माझी बारोनेस तिथे अडकलीय! सकाळपासून फोन करकरून आत्ता कुठे आलं, आणि तू त्याला हात काय दाखवतोस? जोतिषी आहेस का?"

"मला वाटलं, ते मला न्यायला..."

"तुला? तुला कोण बोलावणार! तू दूध देतोस का?"

रेटोनं गाईच्या तोंडातून स्कार्फ ओढून पाहिला.

"आता चार वाजता धुकं येईल!" व्रेनी ओरडत होती. "धुकं आलं की कोणी उडत नाही! आणखी एक रात्र राहिली तिथं तर उठायला जाईल आणि जाईल ना खाली माझी पोर! खिशात मोबाइल आहे का? तू तरी सांग त्यांना!"

"चौदा आहेत," रेटो कसाबसा म्हणाला. "पण किल्ली समोर आहे."

व्रेनीनं कपाळावर हात मारला आणि ती निवाऱ्याच्या फोनकडे तरातरा निघाली. रेटो खाली बसला. आता मात्र त्याला खरोखर लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्यांपर्यंत. नावाची नव्हे, गाईची. ती बिचारी त्याच्या स्कार्फचं टोक चघळत विश्वासानं त्याच्याकडे पाहत होती. "बारोनेस," तो म्हणाला, "चुकलं माझं." बारोनेसनं स्कार्फ गिळला.

पावणेचारला, खालच्या खोऱ्यातून धुकं वर सरकत असताना, हेलिकॉप्टर परत आलं. अंगणात आता तिसांवर माणसं होती. रेटोनं डोळे मिटले आणि दोन्ही हात वर केले. इतके वर, की सदरा विजारीतून बाहेर आला.

दोरीवरून एक आडदांड मदतनीस उतरला. "गाय कुठाय?"

"मागे. पण आधी मला..."

"जखमी आहेस?"

"नाही."

"चक्कर? छातीत दुखतंय?"

"नाही."

"मग आधी गाय. बोलावणं तिचं आहे. धर तिचं डोकं, मी जाळं बांधतो. आणि तिच्याशी गोड बोल, बिथरायला नको."

"काय बोलू?"

"बायकोशी काय बोलतोस?"

रेटोनं थोडा विचार केला आणि बारोनेसच्या कानात नळजोडणीच्या नव्या नियमांबद्दल बोलू लागला. तिचे डोळे जड झाले. मदतनीस म्हणाला, इतकी शांत गाय त्यानं बारा वर्षांत पाहिली नव्हती.

बारोनेस उडाली! चारही पाय खाली सोडून, कान ताठ, दरीवरून संथपणे तरंगत ती निवाऱ्यामागच्या कुरणावर उतरली. पोरांनी आरोळ्या ठोकल्या. आज्यांनी रुमाल हलवले.

मग जाळं परत आलं.

"माणसाचा पट्टा नाहीये का?" रेटोनं चाचरत विचारलं. जाळ्यात बारोनेसनं प्रवासाच्या भीतीनं जे ठेवलं होतं, ते ठेवलेलंच होतं.

"गाय मागवली होती, गाईचं सामान आणलंय," मदतनीस म्हणाला. "धुकं येतंय. बसतोस की राहतोस?"

रेटो बसला.

तो अंगणात उतरला. सगळे दोन पावलं मागे सरले. निवाऱ्याचा रखवालदार आलोईस यानं दारातच त्याला अडवलं. "बूट बाहेर. नियम आहे." मग त्यानं रेटोच्या पायांकडे पाहिलं. तिथे दोन चामड्याच्या नळ्या आणि दहा बोटं होती. आलोईसनं पाहुण्यांसाठीच्या फडताळात हात घातला. उरलेला एकच जोड होता. लोकरीचा, लाल, फुलाफुलांचा. सपातांचा.

जवाचं सूप आलं. रेटोचं तोंड एवढंसं झालं होतं. "मतदान पुढे ढकलू या का?" तो हळूच मुंगीला म्हणाला.

"नाही!" टोचणी ओरडली. "तूच म्हणालास, आजच! सपाताचं नाव श्टाइनबॉक करायचं का? मत तू शिकवलेल्या खुणेनं द्यायचं!"

बारा पोरं उठली. बारा हात वर, बारा खाली. नको! रेटोनं आशेनं मुंगीकडे पाहिलं. मुंगीनं खिडकीबाहेर पाहत एक हात हळूच वर केला, एक खाली. कोपऱ्यातल्या सात आज्यांना मताचा हक्क नव्हता, पण त्याही उभ्या राहिल्या. व्यायाम मंडळाच्याच त्या, सगळ्यांचे हात एका रेषेत!

"पण एवढं चांगलं नाव वाया कशाला घालवायचं?" टोचणी म्हणाली आणि तिनं खिडकीकडे बोट दाखवलं.

बाहेर कुरणाच्या टोकावर, धुक्यात, बारोनेस उभी होती. छाती काढून, शिंगं उंचावून. व्रेनी तिच्या गळ्यात पडून मनसोक्त रडत होती. मग साऱ्या खोलीत दोन-दोन हात वर गेले, आणि सगळ्यात आधी सपाताचे गेले.

दुसऱ्या दिवशी तो सपाता घालून खाली उतरला. पाटीवर तीन तास होते, त्याला साडेसहा लागले. वाटेत सात आज्यांनी मागून येऊन सात नमस्कार केले.

फळी आता पथकाच्या खोलीत लागली आहे. म्होरक्यांच्या यादीत शेवटी 'सपाता' कोरलंय. आणि त्याच्या खाली, सन्माननीय सभासद म्हणून, दोन बोटं मोठ्या अक्षरांत: 'श्टाइनबॉक, सातशे किलो'.