तात्यांची गाडी निवते तोवर

पोलादपूरच्या नाक्यावर तात्यांना चुकूनही रामराम घालू नका. ते मोटारसायकल थांबवतील, इंजिन बंद करतील, खांद्यावरचा पंचा वर धरून वारा कुठून येतो ते बघतील, गाडीचं तोंड तिकडे वळवतील आणि मग कुठे "रामराम" म्हणतील. तोवर तुमची एसटी गेलेली असेल. माझी दोनदा गेली आहे.

"ही पाणी पिणारी गाडी नाय, मास्तर," हे मी त्यांच्या तोंडून इतकं ऐकलंय की वर्गात फळ्यावर लिहायचं तेवढं राहिलंय. "ही वाऱ्यावर जगते. चालू ठेवून उभी केली की तापलीच."

लढाईत तात्या मोटारसायकलवरून पलटणीचं टपाल पोचवत. परत आल्यावर लिलावातली जुनी लष्करी मोटारसायकल घेऊन आले आणि गोदावहिनींच्या घरात सवत आली. इंजिनाभोवती वारा खेळायला लोखंडी पाती असतात. त्यांत बसलेला चिखल तात्या रोज सकाळी बांबूच्या काडीने कोरून काढत. स्वतःच्या दातांची इतकी निगा त्यांनी कधी राखली नाही. आंबेनळी घाटात चढ आला की ते वहिनींना खाली उतरवत. "तू चाल गो जरा, तिला दम घेऊ दे." वहिनी मुकाट्याने चालत. मला या माणसाचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

पुढचं मला ट्रकवाल्यांनी सांगितलं. एकदा घाटात गाडी फारच तापली. झऱ्यापाशी दोन ट्रक उभे होते आणि ड्रायव्हर त्यांच्या इंजिनांना पाणी पाजत होते. तात्या बिडी ओढायला कठड्याकडे गेले. वहिनींनी ते पाणी पाजणं पाहिलं आणि आपल्या गाडीलाही तहान लागली असेल म्हणून तांब्या भरून आणला. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं, आणि सिलिंडर तडकला.

तात्यांनी चार माणसांत वहिनींना नाही नाही ते ऐकवलं. मग त्यांना एका ट्रकमध्ये बसवून खाली धाडलं आणि स्वतः गाडीपाशी बसून राहिले. वहिनी पोलादपूरला उतरल्या, पण घराचं कुलूप न काढता तशाच तुडीलला माहेरी गेल्या. नवा सिलिंडर मुंबईहून आला. वहिनी तुडीलहून आल्या नाहीत.

याला आता बरीच वर्षं झाली. परवा महाडला माझं काम होतं, तर तात्या म्हणाले, "बसा मागं." काम उरकल्यावर त्यांनी गाडी तुडीलच्या रस्त्याला घातली. वहिनींच्या भावाच्या घरासमोर आंब्याखाली थांबवली.

"तापली हाय. निवली की निघू."

दर बाजाराच्या दिवशी ती नेमकी तिथेच तापते, हे मला शेजारच्या म्हाताऱ्याने हसत हसत सांगितलं. आम्ही बसून राहिलो. उन्हं कलली. तात्यांनी ना पंचा वर धरला, ना गाडीचं तोंड वाऱ्याकडे केलं. ते दाराकडे बघत होते.

अखेर वहिनी रिकामी कळशी घेऊन बाहेर आल्या. केस पांढरे झाले होते. तात्या धडपडत उठले.

"अगो, येताना जरा पाणी आण. गाडी तापलीय. घालू थोडं तिच्यावर."

मी बघतच राहिलो. त्या गाडीवर पावसाचा थेंब पडला तरी हा माणूस पंचाने टिपायचा.

वहिनींनी कळशी कमरेवर सावरली.

"तिला पानी चालत नाय," त्या म्हणाल्या. "तुमीच सांगितलंत ना, चार मान्सांत?"

आणि नदीकडे निघून गेल्या.

मी इंजिनाला हात लावला. ते केव्हाच गार झालं होतं.

"निघू या, तात्या."

तात्या पुन्हा आंब्याच्या मुळीवर बसले. "थांबा, मास्तर," ते म्हणाले. "अजून तापलेलीच हाय."